गळ्याखालची फट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि मी म्हणतो, पाच कामं सोडली म्हणजे काही पाच खून केले नाहीत. तू मात्र मागच्या पत्रात ती एकाखाली एक अशी मांडली आहेस की फौजदाराने जबानी घ्यावी. बेकरी, बॅटरीचं दुकान, छापखाना, लिफ्टवाल्याच्या हाताखाली, आणि रंगवाला. त्यातल्या रंगवाल्याने मला काढलं, मी सोडलं नाही, तेव्हा चारच धर. शिवाय पाकिटावर माझ्या नावाऐवजी "भिंगरी" लिहिणं आता पुरे. इथला पोस्टमन जिन्याखालून ओरडतो आणि सगळी गल्ली माझ्या पायांकडे बघते.

सहाव्या कामाला सहा महिने झाले, हे तुझ्या यादीत नाही, म्हणून लिहितो. उस्तादांच्या कारखान्यात मी माशांच्या काचेच्या टाक्या बनवतो. काच कापायचा हिरा हातात घेतला की माझा हात स्थिर असतो, बाकी सगळा मी हलत असलो तरी. झाकणं मीच करतो. उस्ताद गिऱ्हाइकांना सांगतात की या पोराचं झाकण बसलं की मुंगीचा श्वाससुद्धा आत जाणार नाही.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात एक टाकी गळते म्हणून परत आली. मी खालचे खडे उपसत होतो तर खड्यांखालून एक प्राणी निघाला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अंगठ्याएवढा जाड, रंग जुन्या चामड्याचा, डोळे मोहरीएवढे. गिऱ्हाइकाला तो आत आहे हेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी बोटभर वाम आणली होती, ती मेली असं समजून विसरलो. उस्ताद म्हणाले गटारात सोड. मी बादलीत घालून खोलीवर आणला आणि एका टाकीत ठेवला. पायजम्याच्या नाडीसारखी दिसते म्हणून मी तिला नाडी म्हणतो. दुकानात लांब माशाला सरसकट वाम म्हणतात, पण मी चार प्रकारच्या वामी पाहिल्या आहेत आणि ही त्यांच्यातली नाही. ताई, ही काहीतरी वेगळीच चीज आहे. मला झोप नाही.

घोटाळा असा झाला की दुसऱ्याच दिवशी सकाळी ती टाकीतून निघून जिन्यावरून सरपटत घरमालकीण बाईंच्या चपलेपर्यंत गेली. बाई खालच्या खोलीत शिवणकाम करतात. त्या शिलाई मशीनवर चढल्या, आणि त्यांचं वय साठ आहे. मी हजारदा सांगितलं की हा मासा आहे. त्या म्हणाल्या की भाडं तुझं घेतलंय, सापाचं नाही. महिनाअखेरपर्यंत कुणा शिकलेल्या माणसाचा कागद आण की हा साप नव्हे, नाहीतर दोघांनी खोली सोडा. कारखान्याच्या आसपास माझ्या पगारात दुसरी खोली नाही. ही खोली गेली की काम गेलं, आणि मग तू यादीत सहावं लिहिशील.

त्या दिवसापासून मी पक्का बंदोबस्त केला आहे. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे तिला जास्तीत जास्त पाणी. झाकणाला रबराची पट्टी लावली, केसाएवढी फट नाही. पण तिचं काहीतरी बिनसलंय. खात नाही. दिवसभर झाकणाला नाक टेकवून उभी लोंबकळते. पाणी बदलायला झाकण काढलं की तेवढ्यापुरती तरतरीत होते.

तुझ्या कॉलेजात बरण्यांत जगातले सगळे प्राणी आहेत आणि ते ओळखणाऱ्या बाई आहेत. त्यांना विचार. चित्र सोबत जोडलं आहे. आईला नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं नाव बदलणार नाही. त्या नावाने पत्र पोचतं, तुझ्या खऱ्या नावाने दोन परत आली होती. रंगवाला वजा केला. चार.

आई बरी आहे. तुझं चित्र तिला दाखवलं, ती म्हणाली पोराने चपलेचा बंद छान काढलाय. कॉलेजच्या बाईंनीही ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं की तोंड कुठल्या बाजूला आहे. बाई परीक्षांच्या कामासाठी तीन आठवडे परगावी निघाल्या होत्या. जाताना त्यांनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, तूच शोध, मी आले की तपासते.

मी या प्रयोगशाळेत अकरा वर्षं बरण्या धुते. कुठल्या बरणीत कोण आहे ते मला झोपेतही सांगता येईल, पण त्या कपाटाला मी आजवर फक्त बाहेरून फडकं मारलं होतं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं. माशांच्या पुस्तकात ओळखायची एक युक्ती आहे. एक प्रश्न असतो, उत्तर हो असेल तर अमक्या ओळीवर जा, नाही असेल तर तमक्या. भोंडल्यासारखी फेरी नाही, जिन्यासारखी आहे, एकेक पायरी उतरायची. चार दिवस मी डबा न खाता त्या जिन्यात होते. लांबट मासे इतके असतील असं वाटलं नव्हतं.

आता माझी पायरी तुझ्यावाचून अडली आहे. नीट वाच.

पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरव, काटे लागतात का? डोक्यामागे दोन्ही बाजूंना छोटे पंख आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कल्ल्यांच्या फटी किती आणि कुठे आहेत? बाजूला दोन, की आणखी कुठे? अंगावर खवले आहेत का तेही बघ. तुझ्या पत्रांत नेहमी "वाटतं" हा शब्द येतो, तो मला चालणार नाही. पाहा आणि लिही. तुझं शाळेतलं "असेल बहुतेक" आम्ही खूप ऐकलं.

घरमालकीण बाईंशी नीट बोल. साठीच्या बाईला मशीनवर चढवलंस, आधी माफी माग. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो हे लक्षात ठेवून वाग.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. त्यांनी ती घेतली, पण महिनाअखेर तशीच ठेवली.

तुझ्या प्रश्नांनी माझी झोप होती तीही उडवली. काट्यांचं सोपं होतं, ओल्या बोटाने पाठ चाचपली. काटा एकही नाही, सगळं बुळबुळीत. खवले नाहीत. डोक्यामागे पंख नाहीत, आणि इतर कुठेही पंख नाहीत. शेपटीजवळ कातडीची एक बारीक घडी आहे, बस. पण कल्ल्याची फट काही सापडेना. बाजूने पाहिलं तर नाहीच. मला वाटलं (हा शब्द एकदाच माफ कर) की ही कल्ल्यांशिवायच जन्मली.

मग डोकं चाललं. कारखान्यात काचेचे तुकडे उरतात. त्यांची मी एक अरुंद पन्हळ केली, दोन हात लांब, चार बोटं रुंद, तळ स्वच्छ काचेचा. ती दोन स्टुलांवर आडवी ठेवली, वीतभर खोल पाणी नाही, जेमतेम तिचं अंग बुडेल इतकं घातलं, नाडीला आत सोडलं, आणि मी जमिनीवर उताणा पडून टॉर्च घेऊन खालून पाहिलं. ताई, फट एक आहे. एकच. गळ्याच्या बरोबर खाली, आडवी, दोन्ही टोकं किंचित वर गेलेली. गालातल्या गालात हसावं तशी. तीन वेळा पाहिली, तिन्ही वेळा एकच.

तेवढ्यात घरमालकीण बाई पाण्याच्या बिलाचं सांगायला वर आल्या. मी स्टुलांखाली उलट्या झुरळासारखा पडलेला. त्यांनी दारातूनच विचारलं की तू मेलास का? मी म्हटलं या, बघा. आत यायला तयार नव्हत्या. उंबऱ्यावरच गुडघे टेकून त्या वाकल्या, मी टॉर्च धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की चाळीस वर्षं काजं करते, पण इतकं सफाईदार काज माझ्या हातून झालं नाही. सापाला असं काज असतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या ते कागदावर येऊ दे.

आणखी एक गंमत. पन्हळीत ती एकदम खूश होती. घडीघडी डोकं पाण्याबाहेर काढून गाल फुगवायची, सनईवाला फुगवतो तसे, आणि तसेच फुगवून बसायची. दोन गांडुळंही खाल्ली. टाकीत परत ठेवली की पुन्हा रुसली. नवी जागा आवडली असावी. तिच्यासाठी मोठी पन्हळ करीन म्हणतो.

अठरा तारखेला पहाटेच मी उस्तादांबरोबर परगावी जातोय. एका दवाखान्यात मोठी टाकी बसवायची आहे, एकवीसला परत. तीन दिवस मी नसणार म्हणून बाई धास्तावल्या आहेत. त्यांना शब्द दिलाय की निघताना टाकी काठोकाठ भरीन आणि झाकण चारी बाजूंनी सिलिकॉनने चिकटवून टाकीन. मग कुठून निघते बघू. तू निर्धास्त राहा आणि जिन्याच्या पुढच्या पायऱ्या लवकर उतर.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच वाहती ठेव.

तुझा धाकटा

तार, १७ फेब्रुवारी

साप नव्हे मासा. हवेवर जगते. झाकण काढ पाणी उतरव. ताई.

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. हे आधी, मग बाकीचं.

तुझी तार अठराला सकाळी दहाला आली. मी पहाटे पाचला निघालो होतो. झाकण मी आदल्या दिवशी नाही, निघतानाच चिकटवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम होतं. सिलिकॉनची रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आत हवेचा एक बुडबुडा राहिला होता तोसुद्धा मी पाणी घालून काढला. गाडीत बसून उस्तादांना फुशारकीने सांगितलं की बुडबुडासुद्धा ठेवला नाही.

तार पोस्टमनने घरमालकीण बाईंच्या हातात दिली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, असं धरून त्यांनी उघडली. त्या सांगतात की मी तीनदा वाचली आणि चौथ्यांदा वाचत बसले नाही. जादा किल्ली घेतली, वर गेल्या. नाडी तळाशी आडवी पडली होती, हलत नव्हती. झाकण ओढून पाहिलं, ते काय निघतंय. मग त्या खाली गेल्या आणि शिवण उसवायचं पातं घेऊन आल्या. चुकलेली बाही उसवावी तशी चारी बाजूंनी माझी रेघ त्यांनी उसवली. त्यांच्या हाताला दोन ठिकाणी लागलंय. झाकण उचलून खाली ठेवलं, तांब्याने सात तांबे पाणी उपसलं आणि माझ्या ट्रंकेवर बसून राहिल्या.

त्या म्हणतात की बराच वेळ काहीच झालं नाही. मग शेपूट हलली. मग ती हळूहळू, भिंतीला टेकत टेकत वर आली, तोंड बाहेर काढलं आणि गाल फुगवले. बाई म्हणतात की तेव्हा त्यांनीही तितका वेळ धरलेला श्वास सोडला.

मी आज दुपारी आलो तर खोलीचं दार उघडं, टाकीवर माझं झाकण नाही, आणि बाई स्टुलावर बसून टाकीजवळ काहीतरी शिवतायत. मला आधी वाटलं, संपलं सगळं. त्यांनी तार माझ्या हातात दिली. मी वाचली, आणि ताई, तेव्हा कळलं. ती झाकणाला नाक टेकवून उभी राहायची ती हवा मागत होती, आणि मी तिला रोज आणखी पाणी घालत होतो. सहा कामांत मला पहिल्यांदा एक काम नीट आलं, आणि त्याच कामाने मी तिला मारत होतो. मी बाईंना विचारलं की तुम्हाला भीती नाही वाटली? त्या शिवता शिवता म्हणाल्या:

"साप असता तर दार लावून घेतलं असतं. पण मासा पाण्यात बुडतोय म्हटल्यावर खाली बसून शिलाई कशी मारणार?"

त्या शिवत होत्या ते झाकण होतं. पातळ जाळीचं कापड, कडेला इलॅस्टिक. टाकीच्या काठावर ओढून बसवलं की हवा येते आणि नाडी येत नाही. मी कापून दाखवतो म्हटलं तर म्हणाल्या, तू काच काप, कापडाला हात लावू नकोस. उस्ताद सामान ठेवायला वर आले होते, त्यांनी ते झाकण तीनदा काढून तीनदा बसवलं आणि तिथल्या तिथे बाईंना दहा झाकणांची ऑर्डर दिली. बाईंनी भाव सांगितला तो ऐकून उस्तादांचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

आता लौकर लिही. ती कोण आहे? तुला कसं कळलं? फट एक असली तर हवा लागते, हे तू कुठून काढलंस? मला सगळं, अगदी एकेक पायरी सांग. नाडी आत्ता तोंड वर काढून माझ्याकडे बघतेय. चार बोटं पाणी कमी आहे आणि ती राणीसारखी हिंडतेय. तुझे उपकार वगैरे लिहीत नाही, तू चिडशील. पण जीव लावून आहे एवढं समज.

तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बरण्यांच्या खोलीत एकटीच रडले, मग हसले. शिपाई बघून गेला. घरमालकीण बाईंना माझा नमस्कार सांग, नुसता तोंडी नाही, वाकून कर.

पायऱ्या विचारतोस ना? काटे नाहीत, तर काटेरी वाम नव्हे. पंख नाहीत, तर खरी वामही नव्हे, कारण तिला डोक्यामागे पंख असतात. मग एक ओळ आली: कल्ल्याची फट एकच, गळ्याखाली. ती वाचली तेव्हा तुझं पत्र माझ्यासमोर उघडं होतं, आणि मी उभीच राहिले. पुढच्या पानावर लिहिलं होतं की हा मासा दलदलीत राहतो, घशाच्या आतल्या कातडीने हवा घेतो, आणि वर येऊन गाल फुगवून ती धरून ठेवतो. तुझा सनईवाला. त्याच्या पाठोपाठ मी तुझं "काठोकाठ" आणि "सिलिकॉन" वाचलं. तारीख पाहिली. सतरा. पाय चपलेत न घालता पोस्टात गेले. बाबूंनी शब्द मोजले तेव्हा वाटलं, "ताई" सुद्धा काढावं का.

ती दलदलीतली वाम आहे, म्हणजे दिसायला वाम, पण वामींची सख्खी नव्हे. आमच्या बाई परवा परत आल्या. त्यांनी सगळं वाचलं, माझी टिपणंही. म्हणाल्या की या कुटुंबातली ती नक्की, पण नेमकी कुठली हे मणके मोजल्याशिवाय सांगू नये, आणि मोजायला ती मरायला हवी, म्हणून नकोच. आणखी एक सांगितलं. या जातीत पुष्कळ जण मादी म्हणून सुरुवात करतात आणि मोठेपणी नर होतात. तेव्हा तिला लुगडं नेसवण्याची घाई करू नकोस.

कागद सोबत आहे. कॉलेजच्या छापील कागदावर बाईंनी स्वतः लिहिलाय. "ओळख पटवणारी" म्हणून आधी माझं नाव घातलंय, आणि "तपासून बरोबर" म्हणून खाली त्यांची सही. मी म्हटलं असं नको, मी बरण्या धुणारी. त्या म्हणाल्या, तू काय धुतेस ते मी विचारलं नाही, मासा कुणी ओळखला ते लिहिलं.

वर त्यांनी एक फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. कामावर राहून बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेता येते म्हणे. फी सहाशे चाळीस, दोन फोटो, शेवटची तारीख पंधरा मार्च. मी तो खणात टाकलाय. बारावीनंतर मी थांबले तेव्हा तू चौथीत होतास, आता या वयात वह्यांना कव्हरं घालत बसू का? आईच्या डोळ्यांचं औषध या महिन्यात संपतंय, तेही आहे. बाईंना नाही म्हणायचं धाडस होत नाही म्हणून तुला सांगितलं, एवढंच. यावर तू काही लिहू नकोस.

पाणी चार बोटं खालीच ठेव. तिकडचा जीव सांभाळ, इकडचा तुझ्यातच आहे.

तुझी ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून आधी बाकीचं लिहितो.

कागद घरमालकीण बाईंना दिला. त्या म्हणाल्या, आता कशाला, मी तर तिला हाताने खायला घालते. तरी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला, आणि तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, ही बहीण कितवी शिकली? मी म्हटलं बारावी. त्या म्हणाल्या, मग पुढे काय झालं? मी काच कापून कागद चौकटीत बसवला आणि तो जिन्यात लावलाय. वरच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू तो वाचून नाडीला बघायला आले. एकाने विचारलं की ती हवा घेते तर बाहेर का राहत नाही? मी म्हटलं तू पाणी पितोस तर विहिरीत का राहत नाहीस? ही शास्त्रीय चर्चा इथे रोज चालते.

कारखान्यात आता माझी जाळीच्या झाकणाची टाकी वेगळी मांडली आहे. कोणी लांब मासा मागितला की उस्ताद मला हाक मारतात, आणि मी आधी विचारतो, गळ्याखाली बघितलंत का? काल एकाने भलताच मासा आणला, दोन्ही बाजूंना पंख, पाठीवर काटे. मी तिथल्या तिथे सांगितलं, काटेरी वाम, हिला पाणी जास्त चालेल. तुझा जिना मी पाठ केलाय. पुढचे प्रश्न पाठव. पुस्तकात आणखी काय आहे? कपाटात आणखी किती पुस्तकं आहेत? सगळी तू वाच आणि मला लिही, मी इकडे मासे धरून आडवा पडतो.

आता ते. तू नको म्हणालीस तरी ते. फॉर्म खणातून काढ. आईच्या औषधाचं मी पुढच्या पगारात बघतो, तो पाच तारखेनंतर निघेल. या वयात म्हणजे कुठल्या वयात? तिशीच्या बाईने चार दिवसांत पुस्तकातून मासा काढला, माझ्या असल्या चित्रावरून. मी सातवीत पाटी फेकली तेव्हा तू काही बोलली नाहीस. मी तुला बोलणार, कारण धाकट्याला तोंड असतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. कुठल्याही कामावर लागलो की पहिल्या पगारापासून मी एक डबा वेगळा ठेवतो. निघायचे पैसे. गाडीभाडं आणि नव्या गावात महिनाभराची खोली. त्याच्याशिवाय मला बसल्या जागी धाप लागते. बेकरीत होता, छापखान्यात होता, इथेही होता, कोळशाच्या पिशवीमागे. काल संध्याकाळी तो काढला आणि आतले मोजले. उस्तादांना सांगितलंय की मी इथेच आहे. ते म्हणाले, मी कुठे विचारलं?

तुझ्या बाईंचा आणि आईचा आशीर्वाद तुझ्या मागे आहे, माझा नमस्कार पुढे. भांड, पण लोभ ठेव.

तुझा धाकटा

ता. क. मनीऑर्डर आज सकाळी केली. फीचे सहाशे चाळीस, फोटोंचे वीस. एकूण सहाशे साठ.